अण्णांचा पाना

माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला शेजारचे अण्णा भेटायला आले, दोन मिनिटं मान खाली घालून बसले, आणि मग खिशातून पाना काढून आमच्याच लोखंडी खुर्चीचा नट आवळायला लागले. घर माणसांनी भरलेलं. हसावं की रडावं कुणाला कळेना. अण्णा मात्र शांत. "ढिलं सोडायचं न्हाय," एवढंच बोलले आणि चहा घेऊन गेले.

भवानी पेठेत, पुण्याच्या नव्हे आमच्या गावच्या, आमची आणि त्यांची भिंत एक. अण्णा शाळेच्या ऑफिसातले निवृत्त हेडक्लार्क, बिनलग्नाचे, एकटे. गल्लीतला एक नळ, एक कडी त्यांच्या हातून सुटलेली नाही. माझ्या कुकरचं हँडल त्यांनी असलं आवळलं की पुढं बदलायची वेळ आली तेव्हा सुटेचना. मी गणित शिकवते आणि माझं तोंड तिखट आहे, हे पेठेला ठाऊक आहे. सरळ सांगितलं, "अण्णा, माझ्या घरात पाना आणायचा नाही." दुसऱ्या दिवशी आले ते पाना बाहेर पायरीवर ठेवून. बसले, पण सगळा जीव पायरीवर.

तर या अण्णांनी गेल्या सोमवारी सायकल उघडायला घेतली.

सायकल त्यांच्या धाकट्या भावाची, बसूची. लांबच्या प्रवासाची, जुनी पोलादी, खाली वळलेल्या हँडलची. बसू सहा फुटी गडी, तिच्यावरून पार गोव्याला जाऊन आलेला. पुढं तो पुण्याला गेला, तिथंच वारला, आणि वहिनीचं इकडं येणंजाणं तुटलं. सायकल राहिली अण्णांच्या पुढच्या खोलीत. अण्णा जेमतेम पाच फूट, पाय पॅडलला पोचत नाहीत. पण दर खंडेनवमीला सायकलला तांब्याने अंघोळ, हळदीकुंकू, झेंडूचा हार. आणि वर सीटचा नट थोडा आणखी आवळायचा, हे आलंच.

सोमवारी पुतणीचा फोन आला. "काका, बाबांची सायकल आहे का अजून? मी रविवारी येते बघायला. चालवण्यासारखी असेल तर घेऊन जाईन." इतक्या वर्षांतला तिचा हा पहिला फोन.

अण्णांनी पहिलं काम धरलं सीट काढायचं, आणि तिथंच गाडं अडलं. नट कसाबसा सुटला, पण सीटचा दांडा फ्रेमच्या नळीत गंजून बसला होता. तेल सोडून झालं, गरम पाण्याची फडकी गुंडाळून झाली. कोपऱ्यावरचा वेल्डर म्हणाला, "ठोकलं तर नळीला तडा जाईल. मग भंगारच." शुक्रवारी अण्णा जेवले नाहीत. शनिवारी सकाळी दारात उभे. "बाई, जरा धरायला येता काय?"

मी फ्रेम दोन्ही गुडघ्यांत दाबून धरली. अण्णांनी सीटला मिठी मारून पीळ दिला. कर्र असा आवाज झाला. अण्णांचा चेहरा पांढराफटक.

"गेला काय तडा?"

मी वाकून बघितलं. "रंगाचा टवका उडालाय. फिरवा."

"भ्या वाटतंय, बाई."

"मलाही वाटतंय. फिरवा."

तिसऱ्यांदा दांडा तांदळाएवढा सरकला. मग हळूहळू, कण्हत बाहेर आला. मागोमाग नळीच्या तोंडाशी तांबडा-पिवळा चिखल आला. अण्णांनी तो बोटावर घेऊन चोळला, वास घेतला.

"हळद हाय की ही." ते मटकन खाली बसले. "म्हंजे मीच गंजवली. दरसाली पाणी घातलं, आन वरनं आवळत गेलो."

मला बोलायला लई सुचत होतं. गिळलं सगळं. वाईट वाटलं मला त्यांचं.

दुपारभर त्यांनी नळी घासली, दांडा घासला, ग्रीस लावून सीट परत बसवली. नटाला पाना लावला आणि थांबले.

"पोरगी उंचीला किती असंल हो?"

"पुतणी तुमची, मला काय विचारता?"

"मी बघितली तवा माझ्या कमरेएवढी हुती."

"मग फोन करून विचारा."

"नगो. काकाला एवढं पन म्हाईत न्हाय, असं वाटंल तिला."

मी म्हटलं, "अण्णा, आवळूच नका. ढिलं ठेवा. उद्या ती येईल, बसेल. तिच्या पायाला जुळेल तेवढं वर घ्या, मग आवळा."

अण्णा कितीतरी वेळ त्या नटाकडं बघत राहिले. एकदा हात पुढं गेला, परत आला. शेवटी उठले आणि पाना माझ्यापुढं धरला.

"उद्यापातूर तुमच्या घरात ठिवा. माझ्याजवळ असला तर माझा हात ऱ्हायचा न्हाय."

मी तो घेतला आणि आत नेऊन ठेवला.