ट्रॅक्टरचा डोस

"बाबा, माझं औषध?"

कर्टिस हूकस्ट्राच्या हातातला ब्रश डुकराच्या पाठीवर जागच्या जागी थांबला. नऊ वर्षांच्या एमेटनं आपणहून औषध मागावं, असं त्या घरात आजवर कधी घडलं नव्हतं. एरवी औषधाची वेळ झाली की हा पोरगा कधी पलंगाखाली, कधी मक्याच्या शेतात, तर एकदा चक्क छपरावर सापडला होता. आणि आज, काउंटीच्या जत्रेत, डुकरांच्या शेडमध्ये, एवढ्या गोंगाटात तो हात पुढे करून शहाण्यासारखा उभा होता.

"शाब्बास रे वाघा!" कर्टिसचा ऊर भरून आला. "मागितलंस! स्वतःच्या तोंडानं मागितलंस!"

एमेटला एडीएचडी होता. म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या भाषेत एडीएचडी, आणि आजीच्या भाषेत अंगात मुंग्या. एका जागी बूड टेकणं हे त्याच्या कुंडलीतच नव्हतं. वसंतात डॉक्टरीणबाईंनी त्याचा डोस दहावरून पंधरा मिलिग्रॅमवर नेला आणि तेव्हापासून हूकस्ट्रांच्या घराची प्रयोगशाळा झाली. कर्टिस म्हणायचा, "फरक पडतोय." त्याची बायको डेना म्हणायची, "फरक पडतोय खरा, पण पोराची भूक मेली त्याचं काय? दुपारचं ताट जसंच्या तसं परत." आणि कर्टिसची आई मार्लिस म्हणायची, "कर्टिसही असाच होता. आम्ही त्याला औषध नाही दिलं, फावडं दिलं."

सोमवारी डॉक्टरीणबाईंचा फोन यायचा होता. पोरगा जेवत नसेल आणि लक्षही धड लागत नसेल, तर हे औषध बंद करून दुसरं सुरू करायचं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून रडारड, जागरणं आणि शाळेच्या चिठ्ठ्या. तेव्हा खरी परीक्षा आजच्या स्पर्धेच्या रिंगणात होती. डुकराला छडीनं हळू हळू चालवत न्यायचं आणि सगळा वेळ नजर परीक्षकावर ठेवायची, एवढंच काम. गेल्या वर्षी एमेट रिंगणाच्या मधोमध डुक्कर सोडून लाउडस्पीकरची वायर कुठे जाते ते बघायला गेला होता आणि डुकरानं परीक्षकाची टोपी खाल्ली होती.

यंदाच्या डुकराचं नाव ट्रॅक्टर. नाव एमेटनंच ठेवलं होतं आणि ते शोभतही होतं, कारण तो मध्ये आला की वाट आपणच सोडावी लागे. पिल्लू होता तेव्हापासून एमेटनं त्याला वाढवलं. जत्रा संपली की सगळी डुकरं ट्रकमध्ये चढतात आणि ट्रक कुठे जातो हे आयोवातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. "ट्रॅक्टरपण?" असं एमेटनं एकदा विचारलं होतं. "ट्रॅक्टरपण," कर्टिस म्हणाला होता. पोरगा त्यावर काही बोलला नाही, आणि औषधानं किती समजूतदार झालाय म्हणून कर्टिस खूश झाला होता.

तर कर्टिसनं खिशातून कॅप्सूल काढली. एमेटला ती गिळता येत नसे, म्हणून उघडून आतले बारीक दाणे सफरचंदाच्या गरावर टाकून द्यायचे, असं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. गराची वाटी डेनानं आदल्या रात्रीच त्याच्याकडे दिली होती. कर्टिसनं दाणे टाकले, चमचा दिला आणि तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला: "लहान गट तयार राहा!" तो नंबराची चिठ्ठी शोधायला वळला. परत वळला तेव्हा वाटी रिकामी, लख्ख.

"झालं," एमेट म्हणाला.

"सगळं?"

"वाटीत काहीच नाही, बघा ना."

तेवढ्यात डेना हातातला डबा सावरत मार्लिसबरोबर आली. कर्टिसला ही आनंदाची बातमी कधी सांगतो असं झालं होतं.

"डेना, ऐकलंस का? पोरानं आपणहून औषध मागितलं! आणि वाटी चाटूनपुसून साफ!"

डेनाच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "कुठलं औषध?"

"कुठलं म्हणजे? त्याचं! काल ठरलं नव्हतं का आपलं? रिंगणाची वेळ कळली की मी इथे देईन."

"ठरलं होतं रे, पण सकाळी हात सवयीनं डबीकडे गेला. मी घरीच दिलं, पॅनकेकबरोबर!"

"मग मला सांगायचं नाहीस?"

"फोन केला होता! तू उचललास का?"

"मी डुक्कर धूत होतो!"

"म्हणजे पोराच्या पोटात तीस मिलिग्रॅम गेलं!" असं म्हणून डेना मटकन गवताच्या गठ्ठ्यावर बसली, आणि लगेच ताडकन उठून विषबाधेच्या हेल्पलाइनचा नंबर फिरवू लागली. कर्टिसच्या तोंडचं पाणी पळालं. आजूबाजूला पोरं डुकरांना पावडर लावत होती, कुठे मक्याची कणसं भाजत होती, आणि त्याला मात्र आपल्या छातीचे ठोके लाउडस्पीकरवरून ऐकू येताहेत असं वाटत होतं.

"एमेट, इकडे ये. छाती धडधडते? डोकं दुखतं?"

"नाही."

"हातपाय थरथरतात?"

"तुमचे थरथरताहेत बाबा."

इतका वेळ मार्लिस काठीवर हनुवटी टेकवून ट्रॅक्टरकडे बघत होती. ती शांतपणे म्हणाली, "या डुकराच्या नाकाला सफरचंद कसं लागलं?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. ट्रॅक्टरच्या नाकाडावर गराचा पिवळसर ठिपका होता आणि तो जिभेनं त्याच्यापर्यंत पोहोचायचा मनापासून प्रयत्न करत होता.

"एमेट," कर्टिस म्हणाला, "गर कोणी खाल्ला?"

एमेटनं बुटाच्या टोकानं भुसा उकरला. "ट्रॅक्टरनं."

"किती?"

"सगळा."

"तू एक चमचापण नाही?" डेनानं मध्येच विचारलं.

"एक चमचापण नाही. देवाशप्पथ."

"डुकरानं खाल्लं! डुकरानं खाल्लं!" कर्टिसनं त्या भुशातच उडी मारली. "देवा, तुझे उपकार!" डेनानं पोराला छातीशी घट्ट धरलं, वाजत असलेला फोन नवऱ्याच्या हातात कोंबला आणि एमेटला घेऊन पाणी पाजायला नळाकडे गेली. तिला हुंदका आवरत नव्हता.

फोनवर एक प्रेमळ आवाज आला. "बोला साहेब. कुणी काय घेतलंय?"

कर्टिसच्या डोक्यात आता फक्त डुक्कर होतं. "पंधरा मिलिग्रॅम. एडीएचडीचं औषध. आत्ताच."

"घाबरू नका. वजन किती?"

"दोनशे ऐंशी पौंड."

"बरं. वय?"

"सहा महिने."

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "साहेब, पुन्हा सांगता? सहा महिन्यांचा आणि दोनशे ऐंशी पौंड?"

"हो, खाण्यापिण्यात कधी कमी पडू दिलं नाही आम्ही."

"आत्ता काय करतोय?"

"कठडा चाटतोय."

"हे नेहमीचं आहे की औषधानंतर?"

"नेहमीचंच. अहो बाई, डुक्कर आहे तो!"

"साहेब," आवाज एकदम कडक झाला, "तुमचा त्रास मी समजू शकते. पण लेकराला असं बोलू नये."

गैरसमज मिटायला वेळ लागला. मिटल्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांच्या शेजारणीलाही काय झालं ते सांगावं लागलं. मुलानं एकच डोस घेतलाय, तेव्हा काळजी नको, डुकराचं मात्र जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, असं त्यांनी सांगितलं. कर्टिसचा जीव भांड्यात पडला, पण मार्लिसनं तो लगेच बाहेर काढला.

"नाचतोस काय? औषध पोटात गेलेलं डुक्कर जत्रेत चालत नाही. सही केलीस ना त्या कागदावर?"

केली होती. अंगात औषधाचा कणही नाही, असं प्रत्येक डुकराच्या मालकाला लिहून द्यावं लागतं. कर्टिस आगीतून फुफाट्यात पडला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आई, नाकाड पुसलं तर कुणाला काय कळणार आहे? पोरानं सहा महिने कष्ट केलेत. आज त्याला रिंगणात जायचंय."

"कुणाला कळलं नाही तरी मला कळलंय," मार्लिस म्हणाली. पण तीही नातवाच्या वाटेकडे बघत राहिली, आणि तिचा आवाज काही नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

एवढ्यात नळाकडून एमेट आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "सांगायलाच पाहिजे," तो म्हणाला. "नियमच आहे. डुकरानं कुठलंही औषध खाल्लं, चुकून खाल्लं तरी, आधी जत्रेच्या डॉक्टरांना सांगायचं. मग ते ठरवणार. जत्रेच्या मार्चमधल्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं."

कर्टिसला त्या मीटिंगमधली फक्त डोनट आठवत होती. त्याचे डोळे भरून आले. ज्या पोराला गेल्या वर्षी स्वतःचे बूट कुठे काढले ते आठवत नव्हतं, तो आज बापाला सचोटी शिकवत होता. तो म्हणाला, "चल. तू म्हणतोस तसंच करू."

मग सगळी वरात निघाली. पुढे ट्रॅक्टर, त्याच्यामागे छडी घेतलेला एमेट, मग डेना, मग कर्टिस आणि शेवटी काठी टेकत मार्लिस. औषधाचा परिणाम म्हणा किंवा गराचा, ट्रॅक्टर नाकासमोर सरळ चालत होता. एरवी त्यानं वाटेतले दोन कचऱ्याचे डबे तरी उलटे केले असते.

जत्रेच्या डॉक्टर वेल्डा क्राउस यांनी ट्रॅक्टरची छाती तपासली, पापण्या उलटून पाहिल्या. "डुकराला काही होत नाही. एवढ्या धुडाला एवढंसं औषध! पण हे माणसाचं औषध आहे. ते मांसातून कधी उतरतं हे कुणी सांगू शकत नाही. स्पर्धेतून बाद. सॉरी, बाळा."

कर्टिसनं पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस रे. पुढच्या वर्षी—"

"आणि ट्रक?" एमेटनं विचारलं.

"ट्रकवरही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे मांस कुणी विकत घेणार नाही."

"या जत्रेत नाही, का कधीच नाही?"

"मी तरी या डुकराच्या कागदावर कधीच सही करणार नाही."

"लिहून द्याल?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. डेनानंही पाहिलं. एमेट ट्रॅक्टरच्या मानेत हात घालून उभा होता, आणि हरलेल्या पोराच्या तोंडावर असतं तसं त्याच्या तोंडावर काहीही नव्हतं. उलट कान ते कान हसू फुटायच्या बेतात होतं आणि ते दाबताना त्याचे गाल दुखत असावेत.

"एमेट," डेना हळूच म्हणाली, "मी सकाळी औषध दिलं होतं, हे तुझ्या लक्षात होतं?"

"हो."

"तरी बाबांकडे मागितलंस?"

"दोनदा घ्यायचं नसतं ना आई, म्हणून मी नाही घेतलं. बाबा विसरणार नाहीत असं तू म्हणत होतीस. आणि तू सवयीनं देणारच हे मला माहीत होतं."

डॉक्टर वेल्डा क्राउस यांनी कागद ओढला आणि खाली मान घालून लिहायला घेतलं. त्यांचे खांदे हलत होते.

कर्टिस ओरडणार होता. बाप म्हणून ते कर्तव्यच होतं. बक्षिसाची रिबन गेली होती, सहा महिन्यांचा चारा गेला होता, हेल्पलाइनच्या बाईंसमोर अब्रू गेली होती. त्यानं तोंड उघडलं, एमेटनं त्याच्याकडे पाहिलं आणि एकदम ओठ काढून म्हणाला, "बाबा, तो माझा मित्र आहे." मग इतका वेळ दाबलेलं सगळंच बाहेर आलं. पोरगा डुकराच्या मानेत तोंड खुपसून ढसाढसा रडला. कर्टिसनं उघडलेलं तोंड मिटून घेतलं. त्याला पोराचा राग येत नव्हता, स्वतःचाच येत होता. "ट्रॅक्टरपण" असं म्हणताना त्या दिवशी त्यानं वर्तमानपत्रातून मानही वर केली नव्हती.

मार्लिसनं घसा खाकरला आणि डब्यातून सँडविच काढलं. "पुरे आता रडणं. दोन घास खा. हॅम घातलंय."

"नको आजी."

"बघा! म्हटलं नव्हतं का, औषधानं भूक मारली पोराची!"

"भूक लागते मला," एमेट नाक पुसत म्हणाला. "रोज लागते. पण तू रोज हॅम देतेस, नाहीतर सॉसेज, नाहीतर बेकन. ते सगळं ट्रॅक्टरच असतं ना?"

मार्लिस हातातल्या सँडविचकडे बघत राहिली. चार महिने ती रोज संध्याकाळी ताट मोजून डेनाला हिशेब देत होती. ताटात काय उरलं, हे तिनं एकदाही सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. ती काठी टेकत तरातरा गेली आणि लोण्यात बुडवलेली मक्याची तीन कणसं घेऊन आली. पोरानं तिन्ही खाल्ली, वर चीज खाल्लं, वर बापाचं लिंबू सरबतही प्यायलं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा कर्टिस स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होता. बाहेर ट्रॅक्टरसाठी नवं कुंपण उभं राहत होतं. एमेट खांबांमधली अंतरं मोजत होता आणि खिळे तोंडात धरलेली मार्लिस त्याच्या हुकमाची वाट बघत होती.

"भूक कशी आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भूक उत्तम आहे. चूक आमची होती."

"आणि लक्ष? सांगितलेलं ऐकतो का? ऐकलेलं लक्षात राहतं? पुढचा विचार करून एखादी गोष्ट शेवटपर्यंत नेतो का?"

कर्टिसनं खिडकीबाहेर पाहिलं आणि मोठा श्वास घेतला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "आहे तोच डोस चालू ठेवा. पण हात जोडून सांगतो, याहून वाढवू नका."