हं, फुडं

साताऱ्यातल्या निम्म्या शाळांचे गणवेश याकोबअण्णा शिवत, आणि त्यांची स्वतःची मुलगी एकाही शाळेत जात नसे. जून उजाडला की त्यांच्या ओसरीवर निळ्या, खाकी, चॉकलेटी कापडांचे ढीग लागत. आया पोरांना दंडाला धरून मापं द्यायला आणत. त्यातली एखादी नवखी आई हटकून विचारायची, "अण्णा, तुमची रूथ कुठल्या शाळेत?" अण्णा तोंडातल्या टाचण्या तशाच ठेवून म्हणत, "घरच्या." मग टाचण्या काढून उरलेलं वाक्य पुरं करत, "गणवेस मापानं शिवता येतो, बाई. शाळा न्हाई येत."

मी त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये छातीइतक्या उंचीची एक भिंत होती, आणि मी हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवत होते, म्हणजे अण्णांच्या लेखी मी शत्रुपक्षाची. नव्वद सालानंतरचे ते दिवस. गल्लीत केबल टीव्ही नुकता आलेला, घरोघरी शिकवण्यांचं खूळ माजलेलं, आणि इथे हा फौजेत शिंपीकाम करून आलेला माणूस पोरीला घरी बसवून शिकवतो म्हणतो. मला राग येई. येणारच. मी काय गेली बारा वर्षं खडू खात होते?

रूथ शाळेत गेलीच नाही असं नाही. पहिलीत गेली होती, पुरती एक सहामाहीसुद्धा नाही. एक दिवस अण्णा तिचा विसरलेला डबा द्यायला गेले आणि त्यांनी खिडकीतून पाहिलं. सगळी पोरं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली होती. त्यात रूथही होती. बाई कुठे होत्या कोण जाणे. अण्णांनी डबा दिलाच नाही, पोरीलाच घेऊन आले.

"आवं, देव बोलला तवा उजेड पडला," ते मला नंतर भिंतीवरून सांगत होते. "तोंडावर बोट ठिवून त्यो बसला असता, तर तुमी-आमी अजून अंधारातच चाचपडत असतो. माझी पोरगी तोंड मिटून शिकनार न्हाई. म्हंजे न्हाई!"

मी म्हटलं, "अण्णा, साठ पोरं एकदम बोलायला लागली तर शिकवायचं कसं?"

"साठ कशापायी घेता?" ते म्हणाले. "मी एकच घेतलीया."

मी पाट्यापाशी जाऊन चटणी वाटायला घेतली.

घरची शाळा मात्र अगदी शिस्तीत चाले, त्यात खोट काढायला जागा नव्हती. सकाळी प्रार्थना, मग एक गीत, मग रूथ गणवेश घालून ओसरीवर येई. हो, गणवेश. लहानपणी तिनं एकदा हट्ट धरला होता, सगळ्यांचे शिवता, माझा का नाही? अण्णांनी सगळ्या शाळांची कापडं बाजूला सारून असा रंग काढला, जो साताऱ्यात कुणाचाच नव्हता, पिकलेल्या जांभळासारखा. दर दोन वर्षांनी मापं वाढत, रंग तोच राही.

आणि शिकवण्याची तऱ्हा अशी. अण्णा मशीनवर पाय मारत बसणार. त्यांची नजर शिवणीवर, म्हणून रूथनं सगळं मोठ्यानं बोलायचं. वाचायचं तेही मोठ्यानं आणि लिहायचं तेही मोठ्यानं, शब्द न् शब्द उच्चारत. एक वाक्य झालं की अण्णा म्हणत, "हं. फुडं." चूक झाली की ते काही बोलत नसत. मशीन थांबे. पोरगी मागं जाऊन चूक शोधी, दुरुस्त करी, की पुन्हा खडखड सुरू. भिंतीच्या अलीकडे भाजी निवडत बसलेल्या मलासुद्धा कळे, आज गुणाकार बिघडलाय. मशीन चार वेळा थांबलं म्हणजे चार चुका. बीजगणितापर्यंत गाडी आली तेव्हा मात्र मशीन दिवसचे दिवस गप्प राहू लागलं. मग एकदा भिंतीवर अण्णांचं डोकं उगवलं. "बाई, ह्यो एक्स कोन हाय, आन् आपन त्येला हुडकायचा कशापायी?" आमच्या गणिताच्या सरांना विचारून मी त्यांना समजावलं. आभार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "शाळंतली मानसं एवढी बी वंगाळ न्हाईत," इतकंच म्हणाले.

मोठ्यानं बोलायचं हे व्रत नुसतं अभ्यासापुरतं नव्हतं. संध्याकाळची प्रार्थना तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. त्यात गल्लीतल्या प्रत्येकासाठी मागणं असे, अगदी नावानिशी. कोपऱ्यावरच्या वाण्याचा काटा सरळ होवो, रिक्षावाल्या भाऊची दारू सुटो, आणि "हे प्रभू, शेजारच्या बाईंचा राग जरा आवर."

एकदा मी विचारलंच, "अण्णा, हळू बोललं तर तुमच्या देवाला ऐकू येत नाही का?"

"त्येला येतं वं," अण्णा म्हणाले. "तुमास्नी यावं म्हनून मोठ्यानं."

त्यांच्या ख्रिस्ती देवळातले पाळकसाहेब एकदा समजूत घालायला आले. चहा झाला. "याकोबभाऊ, लोक नावं ठेवतात. मुलगी एकलकोंडी होईल." अण्णांनी सुईत दोरा ओवला. "साहेब, लोकांनी परभूला बी नावं ठिवली. त्यो थांबला का?" पाळकसाहेबांनी बशीतली करंजी उचलली आणि विषय नाताळच्या तयारीकडे वळवला. पुढच्याच रविवारी उपासनेच्या मध्यात वीज गेली, माइक मेला, आणि वाचायला उभ्या राहिलेल्या रूथचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचला म्हणे. तेव्हापासून पाळकसाहेबांची तक्रार बंद झाली.

या घरात अण्णांना गप्प करणारं एकच माणूस होतं, निर्मलाकाकी, त्यांच्या पत्नी. त्या दवाखान्यात आया होत्या. दिवसभर ड्यूटी, आणि दिवसभरात मोजकीच वाक्यं. रूथ सोळाची झाली तेव्हा काकींनी त्यातलं एक खर्च केलं. "आता हिला दहावीला बशीवनार." अण्णांनी तोंड उघडलं. काकी म्हणाल्या, "तिला नर्स व्हायचंय. परमानपत्र लागतंय." अण्णांनी तोंड मिटलं.

बाहेरून परीक्षेला बसायचं म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरायला ते माझ्याच शाळेत आले. कारकुनानं शाळा सोडल्याचा दाखला मागितला. अण्णा उखडले, "सोडली कुटं? अजून चालू हाय की!" शेवटी काकींनी कुठूनसा तो पहिलीतला दाखला पैदा केला आणि फॉर्म गेला.

परीक्षेचा पहिला दिवस. मी पर्यवेक्षक. माझ्याच खोलीत रूथचा नंबर आला. पांढऱ्या-निळ्या पोरींच्या मध्ये ती जांभळ्या गणवेशात बसलेली, वेण्या घट्ट, पाठ ताठ. पेपर वाटले, घंटा झाली, खोली शांत झाली. आणि तिसऱ्या बाकावरून स्वच्छ, ठणठणीत आवाज आला.

"प्रश्न पहिला. उत्तर."

आणि ती उत्तर लिहायला लागली. मोठ्यानं.

मला कळायला अर्धं मिनिट लागलं. पोरांना तेवढंही लागलं नाही. मी आयुष्यात इतका एकचित्त वर्ग पाहिला नव्हता. सगळ्यांची पेनं एका लयीत चाललेली. एक पोरगा तर हात वर करून तिला म्हणाला, "ताई, जरा सावकाश."

"रूथ, गप्प!" मी ओरडले. ती गप्प झाली, आणि तिचं पेनही थांबलं. ओठ दाबून तिनं एक शब्द लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मग ओठ पुटपुटू लागले, आणि दोन ओळींत आवाज मूळ पदावर. तिची काही लबाडी नव्हती हो. बोलल्याशिवाय लिहायचं असतं हे त्या पोरीला कुणी कधी सांगितलंच नव्हतं!

केंद्रसंचालक धावत आले. त्यांनी तिचा पेपर काढून घेतला. सगळ्या वर्गाला कॉपी पुरवली, म्हणजे प्रकरण वर जाणार, वर्ष बुडणार, कदाचित पुढचंही. रूथ उभी राहिली. रडली नाही, पण मान खाली घालून तिनं हाताची घडी घातली. तीच पहिलीतली घडी. फाटकाबाहेर अण्णा आणि काकी बसले होते, शिपाई त्यांना घेऊन आला.

"तुमची मुलगी सगळ्यांना उत्तरं सांगतेय," साहेब गरजले.

"मग ती बरुबरच असत्याल," अण्णा म्हणाले. "न्हाईतर कुनी लिवली असती का?"

"अहो, ती मोठ्यानं बोलतेय!"

"लिवताना बोलायचं न्हाई तर कवा बोलायचं? घरी गेल्यावर?"

"परीक्षेत तोंड बंद ठेवायचं असतं, एवढं कळत नाही तुम्हाला?"

"न्हाई कळत!" अण्णांचा आवाज चढला. "धा वर्सं झाली, मला त्येच कळंना झालंय!"

साहेबांचा चेहरा लाल झाला. आता हा माणूस आपल्या हातानं पोरीचं वर्ष बुडवणार, हे मला स्पष्ट दिसलं. तेवढ्यात काकी पुढं आल्या. "सायेब, हिला येगळ्या खोलीत बशीवा. तितं कुनाला ऐकू जानार न्हाई." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "प्रयोगशाळा रिकामी आहे. मी बसते तिच्याबरोबर." पोरीनं चिठ्ठी आणलेली नाही, कुणाचं पाहिलेलं नाही, हे मी त्यांना छातीठोक सांगितलं. साहेब कडक होते, पण वाईट नव्हते. त्यांनी पेपर परत दिला.

प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं. "आता बोल हवं तेवढं," मी म्हटलं. ती एक वाक्य बोलली, तिनं ते लिहिलं, आणि थांबली. पुढे सरकेचना. मी घड्याळाकडे पाहत होते.

"काय झालं गं?"

"बाई," ती हळूच म्हणाली, "कुनी 'हं' म्हनत न्हाई. तितं निदान समद्यांची पेनं तरी चालत हुती."

आता आली का पंचाईत! बरोबर का चूक हे मी सुचवणं म्हणजे गुन्हा. मी विचार केला आणि ठरवलं, सगळ्याला 'हं' म्हणायचं, एकाच सुरात, बरोबर असो वा चूक. प्रत्येक पेपरला मी त्या परीक्षानळ्यांमध्ये बसून नुसतं 'हं' म्हणत होते. माझ्याच भूगोलात तिनं एक ढळढळीत चूक केली आणि मी जीभ चावून म्हटलं, "हं." ती माझ्याकडे संशयानं पाहत राहिली, मशीन इथं थांबायला हवं होतं, असं काहीसं तिच्या नजरेत. मग तिनं आपणहून ते खोडून बरोबर लिहिलं. मला नाचावंसं वाटलं.

निकालाच्या दिवशी भिंतीवर पेढ्यांची बशी आली आणि मागोमाग अण्णांचं डोकं. "आमच्या शाळंचा निक्काल शंभर टक्के. तुमच्या?"

आमचा जेमतेम निम्म्याला टेकला होता. मी पेढा खाल्ला.

रूथ सांगलीला नर्सिंगला गेली, वसतिगृहात राहायला. अण्णांनी तिला स्टँडवर सोडलं, मोठ्यानं प्रार्थना केली, त्यात ड्रायव्हरच्या डोळ्यांसाठीही मागणं केलं, आणि परत येऊन शिवायला बसले. पुन्हा जून होता, कापडांचे ढीग होते. मी म्हटलं, "अण्णा, करमत नसेल आता." ते म्हणाले, "काम लय हाय. करमायला वेळ कुनाला हाय!"

त्यानंतर काही आठवड्यांनी, दुपारी मी कपडे वाळत घालत होते. काकी ड्यूटीवर. पलीकडे मशीन चाललं होतं. खडखड, खडखड. मग अण्णांचा आवाज.

"हं. फुडं."

मला वाटलं, रूथ आली! भिंतीवरून डोकावले. ओसरीवर कुणी नव्हतं. अण्णा एकटे, मान खाली, कापड पुढे सरकवत होते. थोड्या वेळानं पुन्हा, "हं."

"कुणाला म्हणता, अण्णा?"

ते दचकले, पण क्षणभरच. "मशीनला म्हनतोय. कुरकुरतीया, त्याल पायजे तिला."

मशीन कुरकुरत नव्हतं. हा माणूस दहा वर्षं सगळ्या साताऱ्याशी भांडला, शाळेशी, साहेबाशी, पाळकाशी, माझ्याशी. आणि आता त्याच्याशी भांडायला घरात मशीनसुद्धा तयार नव्हतं.

काही न बोलता मी आत गेले, चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा घेतला आणि भिंतीला लागून खुर्ची टाकली. सहावीचा भूगोल. मी मोठ्यानं वाचायला लागले, आमच्या शाळेत पोरांना ज्यासाठी बाकावर उभं करतात तितक्या मोठ्यानं. दोन वाक्यं गेली. तिसऱ्याला पलीकडून आलं, "हं."

पुढच्या पोरानं महाबळेश्वरला समुद्र आणून ठेवला होता. मशीन थांबलं.

"माहितीये, अण्णा. चूक आहे. अर्धा गुण देते."

"अर्दा बी देऊ नगा. लाड हुत्यात." खडखड सुरू.

मी पुढचा पेपर घेतला. "कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते. वाई, कराड करत ती पुढे सांगलीला जाते."

मशीन थांबलं.

मी पेपर पुन्हा पाहिला. "अण्णा, यात काय चूक आहे?"

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"चूक न्हाई," अण्णा म्हणाले. "बरुबर लिवलंय पोरानं. सांगलीलाच जाती."

आणि थोड्या वेळानं, हळू, अगदी हळू आवाजात, "हं. फुडं."