शिरोच्या गॅरेजची क्षमता

ज्याला कुठेच जायचं नसतं त्याच्या दारात गाडी असते आणि ज्याला जायचं असतं त्याच्या दारात गाडीखालचा तेलाचा डाग असतो, हे दळणवळणशास्त्राचं मूलतत्त्व आहे. पॅसिफिक महासागरातल्या माउई बेटाने एका उन्हाळ्यात ते प्रात्यक्षिकासह सिद्ध केलं.

त्याचं असं झालं. साथीच्या वर्षात बेटावर कोणी फिरकेना, तेव्हा भाड्याने गाड्या देणाऱ्यांनी दूरदृष्टी दाखवून आपल्या गाड्या विकून टाकल्या. पुढच्या उन्हाळ्यात घरात कोंडलेली सगळी अमेरिका एकदम सुटीवर आली. विमानतळावर उतरणाऱ्याला फुलांचा हार मिळे, गाडी मिळत नसे. मिळालीच तर तिचं आठवड्याचं भाडं ऐकून कुटुंबप्रमुख हार काढून खाली बसत. मग परवडणाऱ्या पर्यायांचा शोध सुरू झाला. घरसामान हलवायचे ट्रक आधी संपले. समुद्रकिनाऱ्यावर ते ओळीने उभे असत आणि त्यांच्या पोकळीत खुर्च्या टाकून आजी-आजोबा पॅसिफिक महासागराकडे पाहत बसत. (बेटावरच्या ज्या कोणाला खरोखरच घर बदलायचं असेल त्याने त्या घरावरच प्रेम करायला शिकावं, असं ठरलं.) त्यानंतर चर्चची व्हॅन गेली, फुलवाल्याचा टेम्पो गेला. शेवटी स्थानिक माणसाच्या अंगणातल्या, गंजलेल्या, प्रेमळ गाडीवर सुटीची नजर पडली.

क्लॅरन्स मेदेरोसची पिकअप या वर्गात मोडत होती. क्लॅरन्स साखर कारखान्यातून निवृत्त झाला त्याच्या आधीच पिकअप निवृत्तीच्या वयाला पोचली होती. रंग मूळचा निळा. पलीकडच्या बाजूचं दार आतून उघडत नसे, बाहेरून कोणीतरी उघडून द्यावं लागे, त्यामुळे क्लॅरन्सच्या बायकोला, म्हणजे पुआला, लग्नानंतर पंचेचाळीस वर्षांनीही नवरा दार उघडून देतो असा मैत्रिणींत लौकिक लाभला होता. ही गाडी त्याने मिनेसोटाहून आलेल्या गॉर्डन लिंडक्विस्ट नावाच्या गृहस्थाला भाड्याने दिली. यात हाव नव्हती. क्लॅरन्सच्या नातीचा, हिवाचा, पहिला वाढदिवस तोंडावर आला होता आणि त्या खर्चासाठी पैसे हवे होते.

बेटावर लग्न अंगणात उरकलेलं चालतं, पण मुलाचा पहिला वाढदिवस उरकून चालत नाही. तीनशे पानं उठावी लागतात. अख्खं डुक्कर जमिनीतल्या भट्टीत, तापल्या दगडांवर, केळीच्या खुंटांत आणि पानांत गुंडाळून शिजवावं लागतं. ते डुक्कर, ती लाकडं आणि ते खुंट आपल्या पिकअपमधून आणायचा शब्द क्लॅरन्सने सगळ्या कुटुंबासमोर, छातीवर हात ठेवून दिला होता. थोडक्यात, वाढदिवसासाठी गाडी लागणार होती, म्हणून वाढदिवसासाठी गाडी भाड्याने दिली होती. विचार करणाऱ्याला यात विसंगती दिसेल. क्लॅरन्सने विचार केला नव्हता.

आता एक अडचण राहिली. बेटावर नातेवाइकाने गाडी मागितली तर नाही म्हणायची पद्धत नाही. तसं म्हणणारा माणूस कोणाच्या आठवणीत नाही. त्यामुळे गाडी परक्याला भाड्याने दिली आहे हे घरच्यांना सांगता येत नाही, कारण मग ती आपल्याला का नाही, हा प्रश्न येतो आणि तो पुढच्या तीन पिढ्या येत राहतो. अशा प्रसंगासाठी बेटाने एक संस्था विकसित केली आहे. तिचं नाव शिरोचं गॅरेज.

"गाडी शिरोकडे आहे," असं म्हटलं की विषय संपतो. शिरो हिगा हा मेकॅनिक. त्याच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या आणि एक कुत्रा मावतो, तेही कुत्रा आडवा झोपला नाही तर. तरीही त्या जुलैत तोंडी निवेदनांची बेरीज केली असता तिथे एकशे चाळीस गाड्या, नऊ स्कूटर आणि एक मासेमारीची होडी दुरुस्तीला होती. शिरो खोटं कधीच बोलत नसे. कोणी विचारलंच तर तो कान खाजवून म्हणे, "सुटा भाग यायचाय होनोलुलूहून." आणि सुटा भाग खरोखरच यायचा असे. कुठल्या गाडीचा, हे त्याला कोणी विचारलं नाही.

क्लॅरन्सनेही मेव्हणीला, म्हणजे पुआच्या थोरल्या बहिणीला, मोमीला, हेच सांगितलं. मोमी म्हणाली, "शनिवारपर्यंत देईल ना तो? नाहीतर डुक्कर काय चालत येणारे?" क्लॅरन्स म्हणाला, देईल. गॉर्डन गुरुवारी परत जाणार होता, तेव्हा हे जवळजवळ खरं होतं.

गुरुवारी गॉर्डनने मुक्काम आठवड्याने वाढवला. गाडी परत हवी असं क्लॅरन्सने सांगायला तोंड उघडलं, पण समोर पाहुणा, त्याची बायको आणि उन्हाने सोललेली दोन पोरं इतक्या आनंदात उभी होती, आणि तंबूवाल्याचे पैसे अजून द्यायचे होते, की तोंडातून "खुशाल राहा" निघून गेलं. घरी येताना त्याने हिशेब केला की बेटावर आपले भाऊ, चुलत भाऊ आणि मित्र मिळून पिकअप कमी नाहीत, कोणाचीही मागू. बेटावर कोणी नाही म्हणत नाही.

आणि खरंच कोणी नाही म्हटलं नाही. धाकट्या भावाची गाडी शिरोकडे होती. शेजारच्या काबुराओची शिरोकडे होती. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंची, एरवी देवापुढे शपथेवर बोलणाऱ्या, त्यांचीही शिरोकडे होती. प्रत्येकाने खेदाने मान हलवली, प्रत्येकाने सुट्या भागांच्या आजकालच्या अवस्थेवर मत दिलं, आणि क्लॅरन्सने प्रत्येकाला सहानुभूती दाखवली. दुसरं काय करणार? पाचव्या घरानंतर मात्र त्याने विचारणं सोडलं. हिवाचा वाढदिवस आणि भट्टीवर नुसती पानं, हे चित्र त्याला दिसलं, आणि त्यामागे मोमीचा चेहरा.

शुक्रवारी सकाळी तो मोबाईल घेऊन बसला आणि भाड्याच्या गाड्यांचं ॲप उघडलं. जन्मभर ज्या बेटावर राहिला त्या बेटावर पर्यटक म्हणून नोंदणी केली. 'भेटीचा उद्देश' विचारला होता, तिथे 'विश्रांती' लिहिलं. सगळ्या बेटावर एकच वाहन शिल्लक निघालं. वर्णन असं होतं: स्थानिक जीवनाचा अस्सल अनुभव देणारी पिकअप. समुद्राच्या हवेने घडवलेला रंग. सहप्रवाशाचं दार बाहेरून अदबीने उघडून देण्याची खास व्यवस्था. अर्ध्या दिवसाप्रमाणे मिळेल.

वर्णनातल्या त्या दाराशी येऊन क्लॅरन्स थांबला. मग त्याने दिलेल्या क्रमांकावर फोन लावला.

"हां, गॉर्डन बोलतोय," पलीकडून आवाज आला. "अरे, अंकल! बोला."

"ती माझी गाडी आहे," क्लॅरन्स म्हणाला.

"म्हणूनच तुमच्याकडून अनामत घेत नाही, अंकल," गॉर्डन म्हणाला. तो मिनेसोटात विमा कंपनीत होता. "पण चालवणार मीच. मालकाला शब्द दिलाय."

भाडं क्लॅरन्स घेत होता त्याच्या दुप्पट होतं. गॉर्डनने समजावून सांगितलं की अर्ध्या दिवसाचा दर नेहमीच चढा पडतो, हे जगभर असंच आहे. क्लॅरन्सला त्याच्यात खोट काढता आली नाही. स्वतःच्या गाडीची किंमत इतकी असेल हे त्याला ठाऊकच नव्हतं, आणि रागाबरोबर त्याला थोडा अभिमानही वाटला.

डुक्कर आलं, लाकडं आली, केळीचे खुंट आले. परतताना गॉर्डनने त्याला क्लच कसा जपून दाबावा ते शिकवलं. अंगणात गाडी थांबली तेव्हा समोर मोमी उभी होती. क्लॅरन्सने खाली उतरायला दाराला खांदा दिला आणि मग त्याला आठवलं. तो तसाच काचेआड बसून राहिला. गॉर्डन वळसा घालून आला, त्याने अदबीने दार उघडलं.

"हा कोण?" मोमीने विचारलं.

"शिरोचा माणूस," क्लॅरन्स म्हणाला. "गाडी नीट चालते का बघायला सोबत आलाय."

मोमीने गॉर्डनकडे पाहिलं. त्याच्या नाकाचं साल गेलं होतं आणि अंगात अननसांचा शर्ट होता. "बरं झालं," ती म्हणाली. "मग त्याला म्हणावं, माझी पण बघ. महिना झाला शिरोकडे पडलीय." आणि ती कांदे चिरायला निघून गेली. क्लॅरन्सला सुटल्यासारखं वाटलं. मोमीची गाडी महिनाभर कुठे आहे, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता, पण सुटलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

तो प्रश्न दुसऱ्या दिवशी दुपारी पडला. पाहुणे येऊ लागले. बेटावरच्या प्रत्येक घरावर गुरुवारपासून तोच प्रसंग गुदरला होता आणि प्रत्येकाने तोच मार्ग काढला होता. धाकटा भाऊ आपल्याच गाडीत मागच्या सीटवर बसून आला, चालवत होता ओहायोचा एक शिक्षक. ऑर्गनवाल्या बाईंना टेक्सासच्या नवविवाहित जोडप्याने आणलं. मोमीच्या नवऱ्याला त्यांच्याच गाडीतून चार विद्यार्थ्यांनी, मधे दाबून बसवून. प्रत्येकाने उतरून ओळख करून दिली: हा शिरोचा माणूस. ओळख ऐकणाऱ्याने दर वेळी मान डोलावली आणि स्वागत केलं. त्या दिवशी शिरोकडे ऐंशीच्या वर मदतनीस होते, सगळे उन्हाने लाल झालेले. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या आणि जेवायला बसले.

शेवटी शिरो आला. सायकलवर. त्याची स्वतःची गाडी जूनपासून सुटीवर आलेल्या एका दंतवैद्याकडे होती.

मोमीने त्याच्या हातात ताट दिलं आणि ऐंशी जणांवरून नजर फिरवली. "धंदा बरा चाललाय तुझा, शिरो," ती म्हणाली.

शिरोने कान खाजवला. "माणसं भरपूर मिळाली. सुटा भाग तेवढा यायचाय."

कोणी हसलं नाही. हसणार कोण, प्रत्येकाचीच गाडी शिरोकडे होती.

पानं चारशेच्या वर उठली. डुक्कर पुरलं नाही, क्लॅरन्स आणि पुआ शेवटी भात आणि मॅकरोनी सॅलड खाऊन उठले. पण फोटो निघाला. पिकअपच्या बॉनेटवर हिवाला बसवलं होतं, तिच्या डोक्यावर फुलांचा मुकुट सरकून डोळ्यावर आला होता, आणि तिला पाठीमागून धरून ठेवताना क्लॅरन्सच्या डोळ्यांत पाणी आलं. स्टिअरिंगवर गॉर्डन होता. आता तो फोटो कुटुंबाचा आहे आणि त्यातून गॉर्डनला काढता येणार नाही.

उसनं आणलेलं भांडं बेटावर रिकामं परत करत नाहीत, गाडीही नाही. म्हणून भाडं चुकतं केल्यावर पुआने पिकअपमध्ये नारळाच्या वड्या, अळकुड्यांच्या लगद्याचा डबा आणि केळ्यांचा घड ठेवला. गॉर्डनने रात्री ॲपवर क्लॅरन्सला पाचपैकी चार तारे दिले. शेरा होता: ग्राहक प्रामाणिक, फक्त दार आपटतो.

आता तुमचं बेटाला हसून झालं असेल, तर एक किरकोळ बाब. गेल्या मे महिन्यात तुमच्या मावसभावाने कोकणात जायला दोन दिवस गाडी मागितली होती. तुम्ही त्याला काय सांगितलंत, ते आम्ही विचारणार नाही. आम्ही फक्त शिरोला फोन करून खात्री करून घेतली. तो म्हणाला, हो, इथेच आहे. कुत्र्याला बाहेर झोपवलंय.