गुलाबच्या पोटावरचा पूल

सरोळी नदीवरचा पूल गुलाब नावाच्या कुत्र्याच्या पोटावर उभा होता, आणि रविवारच्या वऱ्हाडानंतर ते पोट बिघडलं होतं.

पोट ठीक असलं की पूल ठीक असायचा. गुलाबला जुलाब झाले की पुलाचे सांधे ढिले पडायचे, कठडे लोंबायचे, मधला भाग पाळण्यासारखा हलायला लागायचा. पोट साफ झालं नाही की सगळं उलटं. पूल आवळून यायचा आणि त्यावर सायकलीचं चाक फिरेनासं व्हायचं. पोटात वारा धरला तर मधोमध फुगवटा. बांधकाम खात्याला हे पहिल्यापासून माहीत असल्यामुळे पुलाच्या देखभालीला ते पशुवैद्यच नेमत असे. सध्याची नेमणूक शलाका दहिवलकरची होती. वय चोवीस, पदवी ताजी, आणि कुणी सावकाश बोलायला लागलं की त्याचं वाक्य स्वतःच पुरं करायची सवय.

गुलाबची पत्र्याची शेड नदीच्या उंबरठाणच्या बाजूला, पुलाच्या तोंडाशीच होती. उंबरठाणच्या लोकांची रीत अशी, की पलीकडे भोरगावला जाताना हातात जे खायचं असेल त्यातला एक घास गुलाबला द्यायचा. येता-जाता मिळून एकच घास. त्यामुळे गुलाब वर्षानुवर्षं शेव, भजी, खारी आणि बाजाराच्या दिवशी जिलबी खात होता. आधीच्या अधिकाऱ्यांनी तिकडे काणाडोळा केला होता. शलाकाने आल्या आल्या फलक रंगवून घेतला: ‘पुलास घास देऊ नये.’ लोक फलक वाचायचे, गुलाबच्या डोळ्यांकडे बघायचे आणि घास द्यायचे.

रविवारी वऱ्हाड गेलं. वऱ्हाडात प्रत्येकाच्या हातात श्रीखंड होतं.

सोमवारी सकाळी कठडे लोंबत होते. शलाकाने पुलावर आडवा बांबू टाकला आणि मुकादम ठोंबऱ्यांना विचारलं, तुम्ही तिथे होतात, मग अडवलं का नाही. ठोंबरे गेली बरीच वर्षं पुलावर होते आणि त्यांच्या खिशात नेहमी ग्लुकोजचा पुडा असायचा, हे शलाकाला माहीत होतं.

“मॅडम, नवरी मुलगी रडत रडत घास देत होती,” ठोंबरे म्हणाले. “तिचा हात कसा धरायचा?”

“आणि तुम्ही काय दिलंत?”

“मी एकच बिस्किट दिलं. घासात तिची आसवं पडून त्याचं तोंड खारट झालं असंल म्हणून.”

बुधवारी बारावीचा भौतिकशास्त्राचा पेपर होता. केंद्र भोरगावात, आणि उंबरठाणची चाळीसेक पोरं त्या पेपरला बसणार होती. धरणातून शेतीचं पाणी सुटल्यामुळे नदी काठोकाठ भरली होती. नाव चालवायचे परवाने पूल झाला त्याच वर्षी रद्द झाले होते. वरच्या अंगाला लांब दुसरा पूल होता, पण तो म्हशीवर होता, आणि म्हैस नुकतीच व्याल्यामुळे खात्याने तिला नियमाप्रमाणे रजा दिली होती. उपअभियंता मोघेसाहेबांनी फोनवर परिस्थिती ऐकून घेतली आणि लेखी आदेशाच्या सुरात सांगितलं, “बुधवारी सकाळी मला पूल घट्ट पाहिजे. फार घट्ट नको.”

संध्याकाळी एक मुलगी बांबूपाशी येऊन उभी राहिली. कस्तुरी माळवे. गेल्या वर्षी याच पेपराच्या दिवशी ती रांगेत सगळ्यांच्या पुढे होती. पुलाच्या मध्यावर पोचली आणि पूल पातळ झाला. कठड्याला लटकून ती परत आली. पेपर गेला, वर्ष गेलं. यंदाही गेलं तर मावशीच्या शिवणक्लासात बसायचं, असं घरात ठरलं होतं. शिवणकामाचं तिला वावडं नव्हतं, पण तिला पूल बांधायचे होते. कुत्र्यावरचे नाहीत, असं ती स्पष्ट म्हणाली.

शलाकाने तिला सांगितलं, काळजी करू नकोस, या वेळी सगळं शास्त्रशुद्ध चाललंय.

“गेल्या वर्षीचे साहेबपण हेच म्हणाले होते,” कस्तुरी म्हणाली.

“मी गेल्या वर्षीचे साहेब नाही. तू बुधवारी पलीकडे असशील. माझा शब्द आहे.”

शब्द देऊन झाल्यावर शलाकाला घाई झाली. गुलाबच्या आहाराची योजना तिनेच लिहिली होती आणि तीत ठळक अक्षरांत म्हटलं होतं, की नाजूक पोटाच्या कुत्र्याचं खाणं एकदम बदलू नये; आठवडाभर जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत जावं; चोथाही चमचा-अर्ध्या चमच्याने वाढवावा आणि त्याबरोबर पाणी भरपूर द्यावं. पण आठवडा कुणाकडे होता? तिने शेव-बिस्किटं तर बंद केलीच, ठोंबऱ्यांचा खिसाही रिकामा करून घेतला, आणि मऊ भातात इसबगोल कालवून गुलाबपुढे ठेवला. किती घातला ते तिने मोजलं नाही. गुलाबने भात चाटूनपुसून खाल्ला. पाण्याला तोंड लावलं नाही.

मंगळवारी पूल दगड झाला.

जुलाब थांबले होते, त्याबद्दल वाद नव्हता. पण दुधाची सायकल पुलावर चढली आणि जिथल्या तिथे उभी राहिली. दूधवाल्याने पायडल मारून बघितलं, उतरून ढकलून बघितलं आणि शेवटी किटली घेऊन चालायला लागला, तर त्याच्या चपलाही उचलेनात. दुपारपर्यंत मधोमध फुगवटा आला. गुलाब शेडच्या कोपऱ्यात पाठ कमानदार करून उभा होता आणि शलाकाकडे बघतच नव्हता.

शलाकाने इसबगोलचा डबा उचलून कपाटात टाकला, गावातून लाल भोपळा आणवला, सालं-बिया काढून नुसता उकडला, मीठसुद्धा घातलं नाही. त्यातला चमचाभर कोंबडीच्या अळणी पाण्यात पातळ करून गुलाबला दिला. मग त्याला नदीकाठाने फिरवलं. पुन्हा पाणी, पुन्हा फेरी. ती पुढे, गुलाब मागे, आणि पुलावर अडकलेला दूधवाला वरून ओरडून विचारायचा, झाली का. अंधार पडता पडता गुलाब बाभळीच्या मागे गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. पुलातून करकर आवाज आला, फुगवटा बसला आणि दूधवाल्याची सायकल आपोआप उताराला लागली.

शलाका खाली वाकून नीट बघून आली. ना पातळ, ना खडा. तिने मोघेसाहेबांना फोन केला आणि उद्याची मात्रा ठरवली: वाटीभर भोपळा, त्याहून कणभर जास्त नाही. आज पोट सावरलं होतं, पण अजून ते काचेचं भांडं होतं.

बुधवारी पोरं वेळेवर आली. प्रत्येकाच्या हातात पॅड, आणि प्रत्येकाच्या आईच्या हातात दही-साखरेची वाटी. उंबरठाणात पेपराला जाताना दही-साखर पोराच्या तळहातावर ठेवतात, आणि पोराने त्यातली अर्धी गुलाबला द्यायची असते. चाळीस पोरांची दही-साखर.

शलाका बांबूपाशी उभी राहिली आणि म्हणाली, आज घास नाही, कुणाचाही नाही, सरळ चालत जायचं. आयांमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, ही बाई गावाचं वाईट करणार. शलाकाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. घास ही अंधश्रद्धा आहे, पोट भार उचलतं ते पोटाच्या ताकदीवर, हे ती परीक्षेत दहा गुणांसाठी लिहून आली होती. तिने पहिल्या मुलाला पुढे केलं.

मुलाचा पाय डांबरात घोट्यापर्यंत गेला. शिऱ्यात चमचा जावा तसा, सावकाश.

त्याने पाय ओढून घेतला. बूट आत राहिला.

“घास दिल्याबिगर पूल वळखत नाही, मॅडम,” ठोंबरे म्हणाले.

“मी रोज जाते. मी कधी घास दिला?”

“रोज सकाळी भांडं कोण ठेवतं त्याच्याम्होरं?”

शलाकाने गुलाबकडे पाहिलं. गुलाब शेपटी हलवत दह्याच्या वाट्यांकडे बघत होता. आल्या दिवशी तिने त्याला पेढ्यात घालून जंताची गोळी दिली होती, तेही तिला आठवलं. पुस्तकात हे नव्हतं, पण बूट डांबरात होता.

तिने वेळ घालवला नाही. भोपळ्याची वाटी उचलली आणि सांगितलं, दही बाजूला ठेवा. प्रत्येकाने यातला हरभऱ्याएवढा भोपळा घ्यायचा आणि आपल्या हाताने द्यायचा. वाटी तेवढीच राहील, घास सगळ्यांचे होतील. एका आईने विचारलं, भोपळ्याने पास होतो का. ठोंबऱ्यांनी तिला सांगितलं, नापास झालेलं ऐकण्यात नाही.

पहिल्या मुलाने भोपळा दिला, दुसरा पाय ठेवला. पाय वर राहिला. ठोंबऱ्यांनी त्याचा बूट काढून दिला.

चार-चार करून पोरं निघाली. कस्तुरी मुद्दाम सगळ्यांच्या मागे उभी होती. पुढे राहून काय होतं ते तिने पाहिलं होतं. शलाका पुलाच्या सांध्यांवर डोळा ठेवून होती, आणि तिथेच चूक झाली. हरभऱ्याएवढा म्हणजे केवढा, हे प्रत्येकाने आपल्या मायेने ठरवलं. कुणी बोराएवढा दिला, कुणी लिंबाएवढा. गुलाब प्रत्येकाचा हात चाटत होता. कस्तुरी पुढे आली तेव्हा वाटीत काहीच नव्हतं.

गुलाबचं पोट गुरगुरलं. पुलाच्या मध्यावरची चार पोरं थांबली आणि त्यांनी कठडा धरला.

“चालत राहा,” शलाका मोठ्याने म्हणाली. “पळू नका.” ती चौघं कठडा धरून पलीकडे पोचली.

आता गुलाबच्या पोटात कण गेला तरी पूल सुटणार होता. पोट शांत होईपर्यंत थांबायचं तर तास गेला असता, आणि केंद्राचं दार साडेदहाला बंद व्हायचं. कस्तुरीच्या हातात तिच्या आईची वाटी होती. तिने ती पुढेही केली नाही, मागेही घेतली नाही.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. शलाकाला तेच सहन झालं नाही.

“घास कोणी खायचा, असं रीतीत काही ठरलंय?” तिने ठोंबऱ्यांना विचारलं.

ठोंबऱ्यांनी विचार केला. “पुलाच्या माणसानं खायचा, एवढंच. आजवर गुलाबच होता.”

“मीपण पुलाचीच आहे. खात्याचा आदेश आहे तसा.” तिने कस्तुरीपुढे तोंड उघडलं. “दे.”

कस्तुरीने चमचाभर दही-साखर तिच्या जिभेवर ठेवली. शलाकाने गिळली आणि कठड्याला पाठ लावून बसली. कस्तुरीने पाऊल टाकलं. ते पाऊल शलाकाला बेंबीच्या जरा वर लागलं. पुढचं त्याच्या शेजारी. मुलगी सडसडीत होती, पण पॅड, दप्तर आणि गेलं वर्ष धरून वजन बरंच होतं. शलाकाच्या पोटात सकाळपासून तीन कप चहाशिवाय काही नव्हतं. मध्यावर पोचेपर्यंत चहा ढवळायला लागला आणि तिकडे कस्तुरीच्या पायाखालचा भाग थरथरला.

कस्तुरी थांबली. तिने मागे वळून पाहिलं.

“पाणी,” शलाका पुटपुटली. ठोंबऱ्यांनी तांब्या पुढे केला. तिने घोट घोट पाणी घेतलं, डोळे मिटले आणि घशाशी आलेलं सगळं मोठ्या निश्चयाने खाली नेलं. गुलाब येऊन तिच्या पायाशी बसला आणि त्याने आपलं पोट जमिनीला घट्ट लावलं. थरथर थांबली. पावलं पुन्हा सुरू झाली, बेंबीवरून बरगडीकडे, बरगडीवरून पलीकडे, आणि मग एकदम काहीच लागेनासं झालं.

“पोचली,” ठोंबरे म्हणाले. “पळतीये आता.”

पुढच्या आठवड्यात खात्याचं पत्र आलं. पुलाची दक्षिणेकडची, कस्तुरी चालून गेली ती पायवाट सहायक अधिकारी शलाका दहिवलकर यांच्या नावे नोंदवण्यात आली होती. सोबत त्यांच्याच हस्ताक्षरातल्या आहार योजनेची प्रत जोडली होती: उकडलेला भोपळा, मऊ भात, इसबगोल अर्धा चमचा भरपूर पाण्यासोबत, चहा बंद (हे खात्याने वाढवलेलं), बदल हळूहळू करावा. मोघेसाहेबांनी फोनवर अभिनंदन केलं आणि बाहेरचं काही खात जाऊ नका, असं बजावलं.

बाजाराच्या दिवशी लोक जिलबी घेऊन आले. त्यांनी फलक वाचला, मग गुलाबच्या आणि शलाकाच्या डोळ्यांकडे पाहिलं. शलाकाने मान फिरवली. तिला ते फार जड गेलं. ठोंबऱ्यांनी दोघांकडे बघून खिशात हात घातला, आणि तसाच परत बाहेर काढला.

शेवटच्या पेपराला कस्तुरी सगळ्यांच्या आधी आली. तिने घरून डबी आणली होती. डबीतला भोपळा तिने बोटाच्या पेरावर घेतला, हरभऱ्याशी मनातल्या मनात ताडून बघितला, जरासा कमी केला.

“मॅडम, आ करा,” ती म्हणाली.

शलाकाने आ केला. तिने गिळलं याची खात्री होईपर्यंत कस्तुरी थांबली आणि मग पायवाटेवर पाय ठेवला.