शाळेकडे पाठ करून उभे राहण्याबाबत

रेश्मा मुजावर यांनी एका फुकट ऑनलाइन टूलवर फोटोची पार्श्वभूमी काढली, त्या दिवसापासून कोळवडीचे मुरलीधर वाकसे कुठेही उभे राहिले की त्यांच्या मागे राखाडी-पांढऱ्या चौकटी दिसतात. मागे भिंत असो, बाजार असो की अख्खा डोंगर. समोरून पाहणाऱ्याला वाकसे दिसतात आणि बाकी चौकटी. डिझाइनचं काम करणाऱ्या कोणालाही त्या ओळखू येतील. इथे काहीही नाही, हे संगणक त्या चौकटींनी सांगतो.

माझी तक्रार चौकटींबद्दल नाही. त्यांचा वापर ज्यांनी केला त्यांच्याबद्दल आहे.

आधी चूक कशी झाली ते सांगतो. कोळवडीत नगराध्यक्ष दादासाहेब रणनवरे यांच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो. मध्ये दादासाहेब, भोवती शुभेच्छुक. कोणाचा फोटो किती मोठा आणि दादासाहेबांपासून किती लांब, यावर गावात माणसाची किंमत ठरते. पाण्याचे जार पुरवणारे वाकसे वर्षानुवर्षं तिसऱ्या रांगेत होते, डाव्या कोपऱ्यात, अर्धे कोणाच्या तरी फेट्यामागे.

हे फ्लेक्स रेश्मा बनवते. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. तिने डिझाइन शिकून घेतलं ते सुलभा मॅडम नावाच्या बाईंच्या ऑनलाइन धड्यांवरून. धडे फुकट आहेत, मराठीत आहेत आणि चांगले आहेत. तालुक्यातली निम्मी फ्लेक्सची दुकानं त्यांच्यावर चालतात. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला मॅडम एकच गोष्ट सांगतात : मूळ फोटोची आधी प्रत काढा, मूळ फाइलला हात लावू नका. रेश्मा धडे दुप्पट वेगाने लावते आणि सुरुवात उडवते. वाढदिवसाच्या घाईत तिने वाकशांच्या मूळ फोटोवरच टूल चालवलं आणि सेव्ह केलं.

"चूक माझी आहे, नाही म्हणत नाही," ती मला म्हणाली. "पण टूलला नाव ठेवू नका. काकांच्या केसांची कड बघा. एक केस कापला गेलेला नाही."

मी पाहिली. कड खरोखर स्वच्छ होती.

तिने धड्याखाली प्रश्न विचारला होता : "मॅडम, मूळ फोटोवर सेव्ह झालं. माणूस गावात फिरतोय. काय करू?" मॅडमचं उत्तर आलं : "सेव्ह केल्यावर मागे जाता येत नाही. कडा स्वच्छ आल्या असतील तर छानच. पुढचा धडा पाहा."

वाकशांना सवय झाली. त्यांची बायको कुंदाताई नगरपरिषदेच्या शाळेत शिकवतात, मुख्याध्यापिकेचा प्रभारही त्यांच्याकडे आहे. त्या घरात एवढंच म्हणायच्या, "अहो, सरका जरा, गॅस दिसत नाहीये." वाकसे सरकायचे, गॅस दिसायचा. तोवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग स्वच्छतेची पाहणी करणारी समिती आली. मंडईशेजारचा उकिरडा उचलायला मुख्याधिकारी टिपरे यांना वर्षभर वेळ झाला नव्हता. त्यांनी वाकशांना उकिरड्यासमोर उभं केलं. समितीने चौकटी पाहिल्या, "कचरा आढळला नाही" असं लिहिलं आणि सही केली. वाकसे चहाला गेले. उकिरडा परत आला नाही. तिथे नुसती सपाट जमीन होती. उकिरड्यावर दोन कुत्री झोपायची, तीही परत आली नाहीत.

मी टिपरे यांना कार्यालयात गाठलं.

"तिथे दोन कुत्री होती."

"अहवालात कुत्री नाहीत."

"अहवालात कचराही नाही."

"मग तुमची तक्रार नक्की कशाची आहे?" टिपरे यांनी शांतपणे विचारलं.

उकिरडा परत का आला नाही, ते रेश्माने मला एका वाक्यात सांगितलं. सरकारी सही म्हणजे सेव्ह. सही होईपर्यंत वाकसे बाजूला झाले की मागचं परत येतं. सही झाली की संपलं.

पुढे पडकी शौचालयं गेली, गळकी टाकी गेली. नगरपरिषदेला स्वच्छतेच्या बक्षिसाची ढाल मिळाली. मी बातमी दिली. ती आतल्या पानावर, दादासाहेबांच्याच अभिनंदनाच्या जाहिरातीखाली लागली.

त्यानंतर दादासाहेबांची नजर शाळेवर गेली. शाळा भर बाजारपेठेत आहे आणि त्या जागेवर त्यांना व्यापारी संकुल हवं होतं. भूखंड मोकळा आहे असं जिल्ह्याच्या पाहणी अधिकाऱ्याने लिहून दिलं की जागा सुटणार होती. त्यांनी वाकशांना बोलावलं तेव्हा मी त्याच खोलीत दुसऱ्या कामासाठी बसलो होतो. मला बाहेर जायलाही कोणी सांगितलं नाही, इतकी त्यांना खात्री होती.

"मुरली, तुला फक्त उभं राहायचंय. शाळेकडे पाठ करून."

"दादा, कुंदा आहे तिथं. पोरं आहेत."

"मला माहीत नाही होय? त्या दिवशी सुट्टी देऊ. नुसत्या भिंती जातील. वहिनींची सोय गावातच करतो."

वाकसे टोपी हातात फिरवत राहिले.

"यंदाच्या फ्लेक्सवर तू माझ्या शेजारी," दादासाहेब म्हणाले. "खांद्याला खांदा. फोटो माझ्याएवढा."

याहून कमी गोष्टीसाठी कोळवडीत लोकांनी पक्ष बदलले आहेत. वाकशांनी विचारलं, "डावीकडे का उजवीकडे?"

"उजवीकडे."

"येतो," वाकसे म्हणाले.

"हे मी छापणार आहे," मी म्हणालो.

"छापा की. शाळेचा एक फोटोही टाका," दादासाहेब म्हणाले. "लोकांना आठवण राहील."

वाकसे नव्या सदऱ्यात काढलेला फोटो घेऊन रेश्माच्या दुकानात गेले. मीही मागोमाग गेलो. तिने फोटो घेतला नाही.

"काका, सदरा झकास आहे. त्या दोन कुत्र्यांचं काय झालं?"

"सुट्टी देणार आहेत, रेश्मा. दादांनी शब्द दिलाय."

"दादांचा शब्द कुठं सेव्ह केलाय, दाखवा."

रेश्माने संगणक त्यांच्याकडे वळवला आणि सुलभा मॅडमचा एक धडा लावला. या खेपेला सुरुवातीपासून, साध्या वेगाने. धडा चित्रातली वस्तू फिरवण्याबद्दल होता. मॅडम सांगत होत्या, "वस्तू कशीही फिरवा, पार्श्वभूमी तिच्या मागेच असते. म्हणून आधी ठरवा, तुमच्या वस्तूचं तोंड कोणाकडे आहे."

वाकशांनी तो धडा पुन्हा लावायला सांगितला. मग फोटो टेबलावर ठेवून निघून गेले.

पाहणीच्या दिवशी शाळा भरलेली होती. मी टिपरे यांना फाटकातच अडवलं.

"सुट्टी देणार होतात."

"सुट्टीला जिल्ह्याची परवानगी लागते. ती मागितली असती तर इथे शाळा आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं."

"आत मुलं आहेत, टिपरे."

"कुठे आत?"

वाकसे फाटकाच्या मधोमध, शाळेकडे पाठ करून उभे होते. त्यांच्या समोर रस्त्यावर दादासाहेब, टिपरे आणि फाइल धरलेले पाहणी अधिकारी. या तिघांच्या मागे दोन सरकारी गाड्या आणि माझी मोटरसायकल. मी आणि रेश्मा कुंपणाच्या टोकाला, बाजूला उभे होतो. तिथून आम्हाला शाळा तिरकी दिसत होती. अधिकाऱ्यांना दिसत होत्या चौकटी.

आतून कुंदाताईंनी हाक मारली, "अहो, तुम्ही इथं काय करताय?"

"काम आहे," वाकसे वळून न पाहता म्हणाले.

चौथीच्या वर्गात पाढे चालू झाले. रिकाम्या चौकटींमधून तेराचा पाढा येऊ लागला. पाहणी अधिकाऱ्यांनी मान वर केली.

"हा आवाज कसला?"

"अहवालात आवाजाचा रकाना नाही, सर," टिपरे म्हणाले.

अधिकाऱ्यांनी अहवालाचा नमुना पाहिला. रकाना खरंच नव्हता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पेन उमटेना. त्यांनी ते झटकलं, समासात दोन रेघा ओढून पाहिल्या. दादासाहेबांनी खिशातलं स्वतःचं पेन पुढे केलं.

आत एक पोरगी तेरा सत्तेवर अडली. कुंदाताईंचा आवाज आला, "पहिल्यापासून म्हण." ती पुन्हा तेरा एके तेरापासून सुरू झाली. वाकशांच्या मानेची शीर हलताना मला इतक्या लांबून दिसली. रेश्माने माझं मनगट धरलं होतं.

"भूखंड मोकळा," अधिकाऱ्यांनी लिहिलं. सही जिथे करायची तिथे टिपरे यांनी बोट ठेवलं.

वाकसे वळले. घाईने नाही. धड्यातली वस्तू फिरते तसे, जागच्या जागी.

रस्त्यावरून शाळा दिसायला लागली. कौलं, खिडक्या, खिडक्यांत पोरांची डोकी. अधिकाऱ्यांचं पेन थांबलं.

"इथे तर इमारत आहे."

"एक मिनिट, सर. माणूस हलला," टिपरे म्हणाले. "वाकसे, तोंड इकडे."

"मुरली," दादासाहेब म्हणाले, "फ्लेक्स छापायला गेलाय. उजवीकडे आहेस तू."

वाकसे हलले नाहीत. आता त्यांचं तोंड शाळेकडे होतं आणि रस्ता, गाड्या, तिन्ही माणसं त्यांच्या पाठीमागे. कुंदाताई व्हरांड्यात आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या चौकटींकडे पाहिलं. व्हरांड्यात फळा असतो. त्यावर रोजची तारीख, पट, हजेरी, सुविचार आणि शेवटी "आजचे पाहुणे" लिहायची शाळेची पद्धत आहे. खाली मुख्याध्यापिकेची सही. त्यांनी खडू उचलला.

"कोण कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"मला मागचं दिसत नाही," वाकसे म्हणाले. त्यांच्या खांद्यावर मागून एक अंगठ्या घातलेला पंजा आला आणि त्यांना फिरवू लागला. त्यांनी फाटकाचा गज धरला. "कुंदा, लवकर लिही. दादा जोर लावतायत."

"मलाही कोणी दिसत नाही," कुंदाताई म्हणाल्या.

"वहिनी, थांबा, आपण बसून..." दादासाहेबांचा आवाज आला.

कुंदाताईंनी लिहिलं : आजचे पाहुणे, निरंक. खाली सही केली.

आवाज तिथेच तुटला. वाकसे गज सोडून बाजूला झाले. रस्ता मोकळा होता. गाड्याही नव्हत्या. माझी मोटरसायकल त्यांच्याच रांगेत लावलेली होती.

मी व्हरांड्यात गेलो. बातमीदाराने विचारायलाच हवं.

"बाई, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि जिल्ह्याचे साहेब आले होते. मी पाहिलंय."

"फळा वाचलात?"

"वाचला."

"मग तुमची तक्रार नक्की कशाची आहे?" म्हणत त्या वर्गात गेल्या. ती पोरगी अजून तेरा सत्तेवरच उभी होती.

वाढदिवसाच्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. मधोमध माणसाच्या आकाराच्या राखाडी-पांढऱ्या चौकटी आहेत, कड अगदी स्वच्छ. उजवीकडे नव्या सदऱ्यात मुरलीधर वाकसे, ठरल्याप्रमाणे चौकटींएवढेच मोठे. फोटो सगळ्या शुभेच्छुकांनी वेळेवर पाठवले. डावीकडच्या जागेवरून दोघांत हाणामारी झाली आणि ते प्रकरण पोलिसांत आहे. मध्ये कोण, असं अजून कोणी विचारलेलं नाही.

रेश्मा म्हणते, या वेळी तिने प्रत काढून काम केलं. दादासाहेबांच्या फोटोची मूळ फाइल तिच्याकडे आहे. ती उघडायला मात्र तिला कोणी सांगितलेलं नाही.