कोटीला चार कमी

आनंदराव बुडायच्या बेतात होते, आणि भोरच्या वकीलबाई त्यांना सांगत होत्या, की अजून पुरेसे बुडालेले नाहीत.

"काका, कायदाच तसा आहे. कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करायचा, तर थकबाकी किमान एक कोट पाहिजे. तुमचं येणं शहाण्णव लाखच आहे."

"म्हंजे श्याण्णव लाख बुडवलं ती थट्टा, आन् कोट बुडवला की गुन्हा?"

"गुन्हा नाही, दिवाळखोरी. त्यापेक्षा साधा वसुलीचा दावा लावू."

"त्येचा निकाल माजी नातवंडं ऐकतील!"

पानशेतकडच्या डोंगरावर एक कंपनी रिसॉर्ट बांधत होती आणि आनंदराव तिला खडी पुरवत होते. बिल घेऊन गेलं की तिथला मॅनेजर हात जोडून चहा पाजायचा. चहा फक्कड असे, पैसे मात्र नसत. इकडे खडी वाहणाऱ्या दोन हायवा गाड्यांचे हप्ते थकले होते आणि बँकेचा माणूस गाड्या ओढून न्यायची भाषा करत होता. गाड्या गेल्या की धंदा गेला. त्या धंद्याचं नाव तेवढं भारदस्त होतं: भैरवनाथ सप्लायर्स प्रायव्हेट लिमिटेड. डायरेक्टर दोन, आनंदराव आणि त्यांच्या सौभाग्यवती सुलक्षणाबाई. कंपनीच्या मीटिंगा स्वयंपाकघरात होत.

त्या दिवशीची मीटिंग वादळी झाली.

"पैसं देईनात, म्हनून तुमी त्यांना अजून खडी देनार?" सुलक्षणाबाईंनी भाकरी तव्यावर आपटली.

"फकस्त चार लाखाची. कोट भरू दे, मग बघ. मुंबईच्या कोर्टात अर्ज गेला की मालक पळत येतोय पैसं घिऊन."

"आन् न्हाई आला तर?"

"तर त्येचं दिवाळं काढतो."

"आन् आपलं?"

आनंदरावांनी कालवण मागितलं.

खडी यायची कापूरहोळजवळच्या चिमाजीरावांच्या क्रशरवरून, आणि तीही उधारीवरच. चिमाजीराव मोठे तिरसट गृहस्थ. मागची बाकी उकरून काढल्याशिवाय ते एक खडा हलू देत नसत. त्यांना पटवायला आनंदरावांनी सगळा बेत उलगडून सांगितला.

"कोट लागतोच का?" चिमाजीरावांनी विचारलं.

"लागतोच."

"आन् समोर कंपनीच पायजे?"

"व्हय. प्रायव्हेट लिमिटेड असली की झालं."

चिमाजीराव हायवाच्या दारावर रंगवलेलं नाव बराच वेळ वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "न्या की! लागंल तेवढी न्या."

एवढा कडक माणूस आपल्या अडचणीत विरघळला, हे पाहून आनंदरावांना गहिवरून आलं.

दुसऱ्या दिवसापासून हायवा सुटल्या. कापूरहोळहून नसरापूर, तिथून वेल्हे, पुढं पानशेत. वाटेवरच्या सगळ्यांनी त्या पाहिल्या. रिसॉर्टच्या कंपनीला माल देणं बंद केलेल्या नसरापूरच्या सिमेंटवाल्यानंही पाहिल्या. आनंदराव पुन्हा माल टाकतोय म्हणजे कंपनीकडे पैसा आला, असं त्याच्या डोक्यात आलं आणि त्यानं सिमेंट सुरू केलं. सिमेंट जातंय म्हणून फरशीवाल्यानं फरशी धाडली. काम जोरात चाललेलं पाहून बँकेनं कंपनीचं अडवून ठेवलेलं कर्ज सोडलं. खड्ड्यात घालायला निघालेली कंपनी आनंदरावांनी अशी स्वतःच्या डिझेलनं वर काढली, आणि त्यांना याचा पत्ताच नव्हता.

त्यांचं लक्ष आकड्यावर होतं. आकडा कोटाच्या वर वीस हजार गेला, तसे ते पेढे घेऊन भोरला गेले. वकीलबाई नोटिशीवर सही करणार, एवढ्यात मोबाईल वाजला. मॅनेजर होता.

"आनंदराव, सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा तुम्ही उभे राहिलात. आत्ताच पाच लाख पाठवलेत. पहिला मान तुमचा!"

"पाच लाख?" आनंदराव ओरडले. "कुणाला इचारून पाठवलं?"

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. "काका, पुन्हा पंचाण्णव."

घरी सुलक्षणाबाईंनी कपाळावर हात मारला. "पैसं आलं म्हनून तोंड पाडनारा डायरेक्टर पैल्यांदा बगितला! दोन लाख हप्त्याला भरा, गाड्या तरी ऱ्हातील. तीन चिमाजीरावांना द्या. बिचाऱ्यानं हूं का चूं केलं न्हाई."

आनंदराव क्रशरवर गेले. "चिमाजीराव, तीन लाख द्यायला आलोय."

"पैसं?" चिमाजीराव दोन पावलं मागं सरले. "छे छे! आपल्यात कसली घाई? उद्याची गाडी आधी भरून न्या."

"आवो, घ्या की."

"आज अमावस्या हाय. पैशाला हात न्हाई लावत मी."

आज अमावस्या नव्हती. शिवाय आलेला पैसा नाकारणारा चिमाजी आनंदरावांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी जपून विचारलं, "आपली बाकी कितीवर आली हो?"

"नव्व्याण्णव लाख ऐंशी हजार. उद्याची एक गाडी गेली की..." चिमाजीरावांनी जीभ चावली.

आनंदरावांनी मान वळवली. समोर त्यांचीच हायवा उभी होती आणि तिच्या दारावर प्रायव्हेट लिमिटेड हे शब्द चांगले हातभर उंचीचे होते. त्यांनी मोबाईल काढला आणि उभ्या उभ्या तीन लाख धाडले.

चिमाजीरावांच्या खिशात टिंग वाजलं. त्यांनी आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा पार उतरला.

"आनंदराव," ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "कायदा तुमीच शिकवला. म्या तुमच्यावर इस्वास ठिवून रोज गाड्या भरल्या. आन् ऐन वक्ताला तुमी पैसं दिऊन मोकळं झालात. ही काय मानुसकी झाली?"