काळ्या-तांबड्या चौकटी

जर्मनीतला बायकांचा एक फुटबॉल संघ हरला, की आमच्या साखर पेठेतले नरसप्पा गल्लीभर गूळ-शेंगदाणे वाटायचे. हसा खुशाल. सत्तर सालानंतरची चार-पाच वर्षं मी स्वतः ते शेंगदाणे खाल्लेत.

नरसप्पा चादरीच्या कारखान्यात नक्षीवाले. चादर मागावर चढण्याआधी तिची नक्षी बारीक चौकटींच्या कागदावर रंगवतात, ते त्यांचं काम. तसलाच एक कागद घरच्या भिंतीवर. एक ओळ म्हणजे त्या संघाचा एक हंगाम, एक चौकट म्हणजे एक सामना. जिंकला तर काळी, हरला तर तांबडी.

"अहो, उलटं रंगवताय," मी म्हणायची.

"बराबर हाय, अक्का. नक्षीत मी चुकत न्हाय."

त्यांची लेक सुशीला तिकडं जर्मनीत दवाखान्यात नर्स होती आणि सुट्टीच्या दिवशी या संघातल्या पोरींचे दुखरे गुडघे बांधायची. दर पत्रात लिहायची, हंगाम संपला की येते. पण संघ जिंकला की पुढचे सामने लागत आणि येणं राहून जाई. त्या पोरीही मेल्या अशा जिद्दीच्या, की ओळीच्या ओळी काळ्या! "बायामान्सांनी एवढं जिंकावं का?" नरसप्पा कुरकुरत. "आन् सोलापुरात काय कुनाला गुडगे न्हाईत व्हय?"

त्यांची बायको यल्लम्मा दारात विड्या वळायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण भिंतीवरचा कागद ती नवऱ्याइतकाच वाचायची. तांबडं दिसलं की लेकीसाठी ट्रंकेत ठेवलेली चादर उन्हात टाकायची.

नरसप्पांना तेलुगू वाचता येई, मराठी नाही. लेक मात्र मराठी शाळेतली. म्हणून पत्र घेऊन माझ्याकडं येत.

एका उन्हाळ्यात असंच पत्र आलं. "बाद फेरीचा पहिलाच सामना हरलो. हंगाम संपला," मी वाचलं. नरसप्पांनी मांडीवर थाप मारली. मी पुढची ओळ वाचली. "सुट्टीत मैत्रिणींबरोबर डोंगरात जाणार आहे. नान्ना, रागावू नका. सोलापूरला कधी जमेल, आता काही सांगत नाही."

"परत वाचा की," ते म्हणाले. मी परत वाचलं. ते उठले आणि पत्र तिथंच टाकून गेले.

पत्र द्यायला मी मागोमाग गेले, तर नरसप्पा भिंतीसमोर उभे. कुंचला काळ्या रंगात बुडवलेला.

"जिंकल्या?" यल्लम्मानं हातातली विडी थांबवली.

"जिंकल्या."

"पुन्ना?" ती माझ्याकडं वळली. "अक्का, खरंच?"

नरसप्पांची माझ्याकडं पाठ होती. कुंचला कागदाला टेकला आणि तसाच राहिला.

"व्हय की," मी म्हटलं. "लई मोठ्या फरकानं."

"मग कशी यील पोरगी," म्हणत यल्लम्मानं विडीचं पुढचं पान उचललं.

नरसप्पांनी चौकट भरली. पुढचा सामना आता व्हायचाच नव्हता. त्याचीही चौकट त्यांनी काळी केली.